अधिक महिन्यातले वडील

सहलीची आखणी कशी करायची हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं माझ्याकडे यावं, असं मी आमच्या प्लेकूच्या वीज कार्यालयात चारचौघांत म्हणालो होतो. चारचौघं म्हणजे अख्खा मीटर विभाग, अर्धा बिल विभाग आणि चहाच्या बाई. आता त्यांतलं कुणीही समोरून आलं की मी स्वतःच्या बुटांकडे बघत भिंतीच्या कडेकडेनं जातो.

आमच्याकडे सहल आखायची म्हणजे आधी गाड्यांचं वेळापत्रक बघत नाहीत, मेलेल्यांचं बघतात. मी, खुए, घराण्यातला थोरला मुलगा. त्यामुळे घराण्यातल्या सगळ्या पुण्यतिथ्या माझ्या घरी. तिथीला अख्खं घराणं जेवायला. आणि तो स्वयंपाक करायचा थोरल्या सुनेनं, म्हणजे आमच्या दिएपनं. लग्न होऊन घरात आल्यापासून ती माझे पणजोबा, पणजी, दोन आजोबा (एक सख्खे, एक वादातले) आणि अविवाहित वारलेली एक आत्या यांच्यासाठी कोंबड्या उकडत आली आहे. यांतल्या एकालाही तिनं जिवंत पाहिलेलं नाही. पण कुणाला मिरपूड जास्त लागते हे तिला पाठ आहे.

म्हणून यंदा मी जाहीर केलं, की आपण होई आनला जायचं. चार दिवस, समुद्राकाठी, जुन्या गावात, काहीही न करता.

दिएप भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काहीही न करता म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे तुला चूल दिसणारसुद्धा नाही."

"बघा हं. तिथे एकदा जरी कुणी माझ्या हातात पळी दिली ना, तर तशीच उठून मी न्हा त्रांगला ताईकडे जाईन. परत कधी यायचं ते मी ठरवीन."

हे ती रागानं म्हणाली असती तर मी घाबरलो नसतो. तिच्या रागाची मला सवय आहे. पण ती शांतपणे म्हणाली, आणि म्हणताना एक किडकं पान बाजूला टाकलं. मी शब्द दिला.

आता अडचण एकच होती, माझे वडील. माणसानं कधीही मरावं, तो ज्याचा त्याचा अधिकार आहे. पण अधिक महिन्यात मरू नये. वडील गेले ते अधिक सहाव्या महिन्यात. असा महिना काही दरवर्षी उगवत नाही, त्यामुळे इतकी वर्षं आम्ही त्यांची तिथी साध्या सहाव्यातच उरकत आलो. आणि यंदा पंचांगात दोन्ही सहावे हजर! आधी साधा, मागून अधिक. मी शास्त्राचा सखोल अभ्यास केला, म्हणजे ऑफिसातल्या दोघांना विचारलं, आणि तिथी साध्या सहाव्यात करून मोकळा झालो. दिएपनं नेहमीसारखा स्वयंपाक केला, घराणं नेहमीसारखं जेवलं. माझ्या वडिलांचे सगळ्यात धाकटे भाऊ, पाचवे काका, काही बोलले नाहीत. त्यांच्या तोंडात बदक होतं. त्या गप्प बसण्याला मी संमती समजलो. अधिक महिना मोकळा सापडला, आणि त्यात मी होई आन बसवलं. यालाच मी आखणी म्हणत होतो.

पहिला दिवस तर असा गेला की मला स्वतःचाच हेवा वाटला. नदीजवळच्या गल्लीत सुएन मावशींचं जुनं लाकडी घर, त्यात माडीवर आम्हाला दोन खोल्या. आई उंबऱ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपलांवर टीका करत होती. आमची लेक लाम फोटो काढत होती आणि आम्ही त्यात येणार नाही याची काळजी घेत होती. आणि दिएप दुपारी झोपली. नुसती झोपली नाही, झोपेत हसली. असं ती पूर्वी कधी हसल्याचं मला आठवेना. मी बराच वेळ बघत बसलो. आपण मोठा माणूस आहोत असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचव्या काकांचा फोन आला.

"खुए, उद्या तुझ्या बापाची तिथी."

"काका, ती झाली की! गेल्या महिन्यात. तुम्ही बदक दोनदा मागून घेतलंत."

"ती रंगीत तालीम. दादा गेला अधिक सहाव्यात. इतकी वर्षं अधिक सहावा नव्हता म्हणून त्यानं चालवून घेतलं. आता त्याचा खरा महिना आलाय. उद्या तो दारात येऊन उभा राहिला तर त्याला काय सांगायचं? गेल्या महिन्यात यायचं होतंस म्हणून?"

"पण काका, मी होई आनला आहे."

"माहितीय. थोरला मुलगा जिथे, तिथी तिथे. आम्ही येतो."

"आम्ही म्हणजे?"

"आम्ही म्हणजे आम्ही! बस ठरवलीये. रात्रीच निघतो. पोरांचा समुद्रही होऊन जाईल."

दुष्काळात तेरावा महिना असं आपण नुसतं म्हणतो. मी त्या महिन्यात मुक्कामाला होतो.

मी धावत आईकडे गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं, आपली पिशवी उघडली, कपड्यांच्या तळातून वडिलांचा चौकटीतला फोटो काढला आणि बाहीनं पुसला.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "म्हणून घेऊन आले."

"अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू मला विचारलंस? तू ऑफिसात विचारलंस."

आता दोनच मार्ग होते. दिएपला खरं सांगायचं, किंवा सांगायचं नाही. मी सरकारी माणूस, मी दुसरा धरला. उद्या सकाळी तिला आणि लामला गल्लीच्या टोकाला केस धुवायच्या दुकानात पाठवायचं. तिथे बाईमाणूस एकदा आडवं झालं, की डोकं, मान, खांदे सगळं चोळून होईपर्यंत उठत नाही. तेवढ्यात स्वयंपाक मी करायचा. पाहुणे जेवतील, वडील जेवतील, बस जाईल, आणि दिएप सुवासिक केसांनी परत येईल. मीटर विभागाचा कारभार बघणाऱ्याला एक कोंबडी जमू नये?

दिएप आणि लाम समुद्रावर गेल्या तशी मी सुएन मावशींना विचारलं. मावशी भल्या. म्हणाल्या, "माझी कशाला ना असेल? पण घर माझं नाही हो, आमच्या आजेसासऱ्यांचं. परक्या घरचे पितर इथे जेवणार, तर त्यांना विचारायला नको?"

त्यांनी देव्हाऱ्यावरची दोन जुनी पितळी नाणी आणली. एका बाजूला चुना लावलेला. उदबत्ती लावून बशीत टाकायची. एक पांढरं आणि एक काळं पडलं, तर आजेसासरे हो म्हणाले.

मी टाकली. दोन्ही पांढरी.

"हसतायत," मावशी म्हणाल्या.

पुन्हा टाकली. दोन्ही पांढरी.

"अजून हसतायत."

ऑफिसात लोक माझ्यावर ओरडलेले आहेत, एकानं मीटर फेकून मारलेला आहे. पण ज्याची आपली ओळखदेख नाही अशा मृत गृहस्थानं लागोपाठ दोनदा आपल्याला हसावं, हे फार लागतं. मी तिसऱ्यांदा टाकली. दोन्ही काळी.

"आता नाही म्हणाले."

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "त्यांना वेगळं ताट पाहिजे! आधी ताट कबूल करा!"

हे समोरच्या घरातले क्वी काका. वॉर्डाच्या भोंग्यावरून पहाटे सूचना वाचायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. पुढे ते निवृत्त झाले. त्यांच्या आवाजाला कुणी कळवलं नाही.

मी वेगळं ताट कबूल केलं. नाणं एक पांढरं, एक काळं. आजेसासरे तयार!

"त्यांना कोंबडी चालायची नाही," क्वी काका गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. "बदक करा! आणि दाराजवळच्या भूमिदेवाला विसरलात की काय? त्याचं तिसरं ताट! शिवाय बाहेर बेवारस आत्मे आहेतच. ते वास काढत येतात. त्यांना पेज ठेवा, नाहीतर तुमच्या वडिलांच्या ताटात हात घालतील!"

मी एका मृताच्या जेवणाची परवानगी मागायला गेलो होतो. परत आलो तेव्हा खाणाऱ्यांचा आकडा माझ्या हाती राहिला नव्हता.

मावशी म्हणाल्या, "एवढी माणसं यायचीत तर वॉर्ड ऑफिसात सांगून या हो. उगाच नंतर कटकट नको." तिथे एक तरुण कारकून पंख्याखाली बसला होता. मीही कारकून असल्यामुळे आम्ही दोघांनी एकमेकांकडे अविश्वासानं पाहिलं.

"कशासाठी आलात गावात?"

"विश्रांतीसाठी."

"किती माणसं?"

"एक बस."

"एक बस माणसं विश्रांती घेणार? अहो, जुनं लाकडी घर आहे ते. माडीवर इतके लोक चढवू नका. लाकडं पेटवायची नाहीत, गॅसवर करा. पितरांसाठीचे कागदी कपडे, कागदी नोटा घरात जाळायच्या नाहीत. बरं, आहे कोण यांत?"

"काका, आत्या, चुलतभाऊ, त्यांची मुलं. आणि वडील."

"वडिलांचं ओळखपत्र?"

"ते वारलेत."

त्यानं विचार केला. "मुक्काम करणार नाहीत ना?"

"नाही, जेवून जातील."

"कधी वारले?"

"अधिक सहाव्यात," मी म्हणालो, आणि तिथेच चुकलो.

"मग तिथी साध्या सहाव्यात हवी!" तो खुर्चीतून अर्धवट उठलाच. "आमच्या आजीची आम्ही तशीच करतो."

"काहीतरी काय बोलतोस?" शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या. "मेला त्या महिन्यात करायची. उद्या तुझा वाढदिवस तुझ्या भावाच्या तारखेला केला तर?"

"तो जुळा आहे माझा, त्याच तारखेला करतात!"

मग आतले साहेब बाहेर आले. दोन्ही महिन्यांत करावी, म्हणजे मृताला तक्रारीला जागा राहत नाही, असं त्यांचं मत पडलं. ऑफिसाचे सरळ तीन गट झाले. माझ्यामागे उभा असलेला, घराच्या छपराचं काम घेऊन आलेला एक म्हातारा चौथा गट काढायच्या बेतात होता. इतक्यात जेवणाची सुट्टी झाली आणि सगळे एकत्र जेवायला गेले. जाता जाता कारकून म्हणाला, "त्याच दिवशी परत जाणार असतील तर कसली नोंद लागत नाही." हे तो आल्या आल्याही म्हणू शकला असता.

तिथीच्या दिवशी सकाळी दिएप केस धुवायला निघाली. दारात थांबून म्हणाली, "तुम्ही काय करणार?"

"मी? पडतो जरा."

"पडा. दमलेले दिसताय." ती हसली. ती वळली तसा मी कोंबडी आणायला पळालो.

आता तिथीच्या कोंबडीबद्दल दोन शब्द. ती अख्खी असावी लागते. पंख नीट दुमडलेले, मान ताठ, चेहऱ्यावर समाधान. दिएपची कोंबडी ताटात अशी बसते की हिला आता खुर्ची द्यावी असं वाटतं. माझी कोंबडी पातेल्यातून निघाली ती मान टाकून, चार महिन्यांचं बिल थकलेल्या गिऱ्हाइकासारखी. एका मांडीचं कातडं पातेल्यातच राहिलं.

"मानेतून बांबूची काडी घाला!" क्वी काका खिडकीतून म्हणाले. आता खिडकीत ते एकटे नव्हते. गल्लीतल्या चारपाच बायका येऊन टेकल्या होत्या. एकीनं स्वतःचं स्टूल आणलं होतं.

काडी घातली. मान ताठ झाली, पण कोंबडी छताकडे बघायला लागली.

"असू दे," स्टूलवाली म्हणाली. "पितर वरूनच येतात."

बदकाची पिसं निघेनात. चवीला घालायचं मासळीचं खारट पाणी करपलं, आणि त्याचा वास असा उठला की बेवारस आत्मेही नाक धरून पुढच्या गल्लीत गेले असावेत. आई कोपऱ्यात वडिलांचा फोटो मांडीवर घेऊन बसली होती. फोटोचं तोंड तिनं भिंतीकडे केलं होतं.

"आच कमी करा!" क्वी काका गरजले. "प्लेकूचे खुए साहेब दुसरी कोंबडी लावतायत हो! पहिली फाटली!"

हे वाक्य गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. गल्लीच्या टोकाला केस धुवायचं दुकान होतं.

मी वर पाहिलं तर दिएप दारात उभी. डोक्याला टॉवेल, त्यातून थेंब थेंब पाणी गळतंय. मागे लाम, तोंडावर हात. माझ्या अंगावर सुएन मावशींचा फुलाफुलांचा एप्रन आणि कोपरापर्यंत बदकाची पिसं.

"काय चाललंय हे?"

"विश्रांती," मी म्हणालो.

 मग तिनं एक खुर्ची ओढली, दारात उन्हाला ठेवली, टॉवेल सोडला आणि केस पसरून बसली. "चालू द्या," म्हणाली. "मी काही बोलत नाही. बघते."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मधूनमधून ती नुसती माझ्या हातांकडे बघायची आणि डोळे मिटून घ्यायची. जसं गवयानं शेजारच्या पोराचं गाणं ऐकावं. तिला सगळं कळत होतं. मीठ कुठे चुकलं, तेल कधी तापायचं होतं. तिची बोटं मांडीवर आपोआप हलत होती. पण ती उठली नाही. आणि खरं सांगतो, ती उठली नाही याचा त्या नरकातसुद्धा मला आनंद झाला. माझा शब्द अजून टिकून होता.

मग बस आली. घराणं उतरलं. वडिलांची हयात असलेली बहीण, आमची आत्या, सरळ स्वयंपाकघरात शिरली, एकेक झाकण उचलून बघितलं आणि प्रत्येक झाकण पहिल्यापेक्षा घाईनं परत ठेवलं.

"थोरली सून केस वाळवतेय आणि थोरला मुलगा बदक सोलतोय? दादा जेवेल हे?"

"ते जिवंतपणी काहीही जेवायचे," आई म्हणाली. "तुझ्या हातचंसुद्धा."

ताटं मांडली. फोटो ठेवला. उदबत्त्या लागल्या. पाचव्या काकांनी वडिलांना बोलावलं, आमचा पत्ता नीट समजावून सांगितला, नदीच्या बाजूनं यावं म्हणून सुचवलं. थोड्या वेळानं त्यांनी मावशींची नाणी मागितली आणि विचारलं, दादा, जेवलास का?

दोन्ही पांढरी. पुन्हा पांढरी. मग दोन्ही काळी. इतक्यात बांबूची काडी मोडली आणि आमची कोंबडी सर्वांदेखत ताटात पालथी झाली.

"दादा आलाय," काका हळू आवाजात म्हणाले. "पण जेवत नाहीये. त्याला थोरल्या सुनेच्या हातचं पाहिजे."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. काका, आत्या, चुलतभाऊ, खिडकीतल्या बायका. दिएपनं कुणाकडे पाहिलं नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं.

आणि मी, जो साहेबांसमोर रजासुद्धा उभं राहून मागतो, तो मी घसा साफ करून म्हणालो, "काका, दिएप आज पळी धरणार नाही. मी तिला शब्द दिलाय. वडिलांना जेवायचं असेल तर माझ्या हातचं जेवतील, नाहीतर उपाशी परत जातील."

 क्वी काकासुद्धा गप्प! दिएपच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते हसूच होतं, परवा झोपेतलं. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात उंच जागा. तिथे मी फार वेळ नव्हतो.

कारण तेवढ्यात बेवारस आत्म्यांची पेज उतू गेली. गॅस फसफसला, बायका ओरडल्या, "अहो लाकडी घर! लाकडी घर!" मी धावलो, दोन्ही हातांनी पातेलं उचललं, पळी मध्ये येत होती, आणि समोर जो हात दिसला त्यात ती कोंबत मी ओरडलो, "दिएप, धर, जरा ही पळी धर!"

ती मदतीलाच उठून आली होती. हे मला नंतर लामनं सांगितलं.

दिएपनं हातातल्या पळीकडे पाहिलं. तिच्यावरून पेज ओघळत होती. तिनं ती टॉवेलनं स्वच्छ पुसली, वडिलांच्या फोटोसमोर सरळ ठेवली, नमस्कार केला आणि माडीवर गेली. खाली आली ती बॅग घेऊन. मागे लाम.

"दिएप, अगं ती चुकून..."

"माहितीय," ती म्हणाली. "चुकूनच दिलीत. इतकी वर्षं सगळे चुकूनच देतायत."

  मी आईकडे पाहिलं, की तू तरी थांबव. आई आपली पानांची टोपी हनुवटीखाली बांधत होती.

"मीपण येते गं," ती दिएपला म्हणाली. "मी तुझ्या आधीची थोरली सून. मला तर कुणी विचारलंसुद्धा नव्हतं." फोटो तिनं माझ्यापाशी ठेवला. "हे तुझे वडील. बघ कसं जमतंय."

त्या तिघी न्हा त्रांगची बस पकडायला गेल्या. घराणं थोडा वेळ गंभीर बसलं, मग नाक्यावरून शेवया मागवून पोटभर जेवलं, समुद्रावर जाऊन आलं, आणि गाव छान आहे म्हणालं. माझं बदक आजेसासऱ्यांच्या वाट्याला गेलं. त्यांना नंतर कुणी काही विचारलं नाही. दुपार उलटल्यावर सगळे बसमध्ये बसले. काका खिडकीतून म्हणाले, "तिथी अजून संपलेली नाही बरं का, पोरा. दादा उपाशी आहे. बघतो मी काय ते." मला वाटलं, म्हातारा धीर देतोय. मी हात हलवला आणि पातेली घासायला बसलो.

संध्याकाळी बसमधून दिएपचा फोन आला. मी दुपारभर माफीची तयारी केली होती. तिनं ती ऐकून घेतली नाही. एवढंच सांगितलं, की दुपारी उशिरा सुटलेली तिची बस वाटेत चहाला थांबली, तर मागे आणखी एक बस येऊन थांबली. त्यातून पाचवे काका उतरले. मग आत्या उतरली. मग बाकीचे उतरले. सगळे न्हा त्रांगला तिच्या ताईकडे निघालेत, आणि त्यांच्याजवळ दोन जिवंत कोंबड्या आहेत.